दोन चोख कामांच्या मधली फट

पहिल्या लांब फेरीत गाडी अकरा मैल गेली आणि उकळली. जुलैतली दुपार, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या बाहेरचा उघडाबोडका रस्ता, सावलीला एक झाड नाही. रेडिएटरच्या टोपणाखालून आधी शिट्टी, मग वाफ, मग गंजाच्या रंगाचं पाणी. मागून दुसऱ्या गाडीत येणारे चौघे उतरले, बोनेटभोवती उभे राहिले आणि दहा मिनिटांत चार निदानं झाली. रेडिएटर लहान आहे. ब्लॉकच्या आत गाळ राहिलाय. पंपाचं पातं झिजलंय. थर्मोस्टॅट अडकलाय. चौघेही आपापल्या कामातले उस्ताद, आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याच्या कामाकडे.

दोष सापडायला तीन महिने लागले. सापडला तेव्हा तो चौघांपैकी कुणाच्याच कामात नव्हता. मित्रांच्या मदतीने गाडी बांधताना नेमकं कुठे घसरायला होतं, हे मला त्या तीन महिन्यांत कळलं. ते विसरण्याआधी लिहून काढतोय.

गाडी आणि तिचा नंबर

गाडी म्हणजे 1931 ची फोर्ड मॉडेल ए, बंद केबिनची पिकअप. बेकर्सफील्डच्या बाजूला एका शेतावरच्या शेडमध्ये पडून होती. इंजिन गायब, फ्लोअरचा पत्रा गंजून चाळणी झालेला. मॉडेल एच्या टपाचा मधला भाग पत्र्याचा नसायचा, लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून बसवलेलं असायचं. आमच्या पट्ट्या हात लावला की भुसा होऊन खाली पडत होत्या. हौदा मात्र शाबूत होता, आणि खरं सांगायचं तर मी त्या हौद्यावरच भाळलो.

कागद होते, पण त्यात एक मेख होती. फोर्ड त्या काळी गाडीला वेगळा नंबर देत नसे. इंजिनवर ठोकलेला नंबर हाच गाडीचा नंबर. इंजिनच नसेल तर कागदावरची गाडी हीच, हे सिद्ध कसं करायचं? सुदैवाने तोच नंबर चासीच्या डाव्या पट्टीवरही ठोकलेला असतो. पण तो केबिनच्या बरोबर खाली येतो, केबिन उचलल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे पैसे आधी मोजायचे आणि नंबर नंतर बघायचा.

केबिन उचलायला सहा जण आलो. गंजलेल्या पट्टीवर तारेचा ब्रश फिरवला तेव्हा आधी एक चांदणी दिसली, मग ए, मग एकेक आकडा, शेवटी पुन्हा चांदणी. सगळे आकडे जुळले. मी तिथूनच कोल्हापूरला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. वडिलांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं. झोपेतून उठून एवढंच म्हणाले, "चासी नंबर जुळला न्हवं? मग आता इंजिन कुठलंबी बसीव."

जुन्या गाडीत जोरदार इंजिन घालून पळवणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनी पहिल्यापासून नेमकं हेच केलं. मॉडेल एचं मूळ इंजिन चार सिलिंडरचं, ताकद 40 हॉर्सपॉवर. 1932 साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असा व्ही-8 बाजारात आणला, 65 हॉर्सपॉवरचा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या लगेच लक्षात आलं की हे इंजिन जुन्या हलक्या गाडीत बसवलं तर गाडी सुसाट पळेल. मरोक, एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर ती पळवायची, हा रविवारचा उद्योग. त्याला शिस्त लावणारी संघटना 1937 मध्ये निघाली, 1948 च्या जानेवारीत या छंदाचं मासिक निघालं. तोवर हे सगळं भंगारातून, घरामागच्या शेडमध्ये, मित्रांच्या हातांनी चालायचं. पिकअपचा मान रोडस्टरपेक्षा, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीपेक्षा, थोडा कमी. तरी 1958 आणि 1959 अशी लागोपाठ दोन वर्षं ओकलंडच्या प्रदर्शनात सर्वांत सुंदर रोडस्टरचा मान मिळवणारी 'अला कार्ट' ही मॉडेल एची रोडस्टर पिकअपच होती. माझी बंद केबिनची. तिला कुणी कप देणार नाही.

माणसं

नावं लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. कामावरूनच ओळख करून देतो.

शेजारचे आजोबा निवृत्त मशिनिस्ट, विमानांचे सुटे भाग करण्यात हयात गेली. इंजिन त्यांनी बांधलं. 1951 सालचं फ्लॅटहेड व्ही-8, 239 घनइंच, मुळात 100 हॉर्सपॉवरचं. या इंजिनांचे ब्लॉक व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे तडकतात, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय भुकटी टाकून तपासायचं. आमचे पहिले दोन ब्लॉक त्या तपासणीत बाद झाले, तिसरा चांगला निघाला. त्यांनी तो साठ थाऊ, म्हणजे इंचाचे साठ हजारांश, रीबोअर केला, सिलिंडर आतून तेवढे मोठे केले. थाऊ हा उद्यमनगरचा शब्द मी त्यांना शिकवला आणि ते तो आता सगळीकडे वापरतात.

वेल्डर मेक्सिकन घराण्यातला, माझ्याच वयाचा. मॉडेल एची चासी उघड्या पन्हाळीसारखी असते, व्ही-8 च्या जोराने ती पिळवटते. त्याने आतून पट्ट्या वेल्ड करून ती पेटीसारखी बंद केली. टप तीन इंच कापून बुटका करायची त्याला फार हौस होती. मी सहा फूट एक इंच आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

तिसरा कार्बोरेटरवाला. त्याने चाळीस वर्षं स्ट्रॉम्बर्ग 97 जमवले आणि दुरुस्त केले. दोन कार्बोरेटर आणि ते बसवायचं मॅनिफोल्ड त्याने मला भेट दिलं. पैसे काढले तर रागावला.

चौथ्याकडे स्वतःची 1951 ची फोर्ड आहे, कारखान्यातून निघाली तशी. आमच्या इंजिनाबरोबर आलेला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, त्याने घरी नेला, बुश बदलले, डायफ्राम नवा घातला, पॉइंटची फट बसवली आणि नव्यासारखा करून आणला.

पाचवा माझ्याच ऑफिसातला, नाशिकचा. वायरिंग त्याचं. सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ ही जुन्या फोर्डची रीत त्याने पहिल्याच दिवशी मोडीत काढली आणि बारा व्होल्ट घातले.

हे सगळे शनिवारी यायचे. माझं काम बाकीचे सहा दिवस पुढच्या शनिवारची तयारी करायची. नटबोल्ट आणायचे, गंज काढायचा, गास्केट मागवायची, म्हणजे आलेल्या माणसाचा वेळ पाना शोधण्यात जाऊ नये. एक वही केली होती. प्रत्येकाच्या नावाचं एक पान, त्याखाली त्याची कामं, झालं की फुली. ती वही मला फार हुशारीची वाटायची. पण दोन पानांच्या मधे काय आहे, ते लिहायला तिच्यात जागाच नव्हती.

ब्रेकच्या वेळीच हे कळायला हवं होतं. पुढे 1940 च्या फोर्डचे हायड्रॉलिक ड्रम, मागे सत्तरच्या दशकातल्या मॅव्हरिकच्या ॲक्सलवरचे ड्रम. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेकच्या तेलावर टाकणारा भाग, वेल्डरने फ्लोअरखाली चासीला बसवला, सुंदर बसवला. ब्रेकचे नळ मी आणि आजोबांनी वाकवले, एक थेंब गळत नव्हता. तरी सकाळी पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट फ्लोअरला टेकायचं, दोनतीनदा मारलं की ताठ व्हायचं. मास्टर सिलिंडर चाकातल्या सिलिंडरपेक्षा खाली गेला होता, त्यामुळे रात्रभरात तेल उतारावरून परत यायचं. लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, ड्रमसाठी 10 पीएसआयचा. तो घातला, विषय मिटला. वेल्डरचं चुकलं नव्हतं, आमचंही नव्हतं. उंचीतला फरक हे कुणाच्याच पानावरचं काम नव्हतं. मी 'व्हॉल्व्ह बसवला' असं लिहून फुली मारली आणि पुढे गेलो.

याच ब्रेकवरून एक भांडणही झालं. मास्टर सिलिंडर जुन्या पद्धतीचा, एकाच कप्प्याचा हवा, असा तिघांचा आग्रह. जुनी गाडी जुन्यासारखी दिसली पाहिजे. एक नळ फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, म्हणून मी दोन कप्प्यांचाच घातला. तो फ्लोअरखाली आहे, कुणाला दिसतो? पाचपैकी तीन मतं विरोधात असताना निर्णय घेतल्याची ती पहिली वेळ. मला वाटलं, आता आपल्याला मालकपण जमलं.

उकळी

त्या जुलैतल्या फेरीनंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण प्रकरणाचा अर्धा धडा तिथेच आहे. चार निदानं होती आणि कुणाचंही मन मोडायचं नव्हतं, म्हणून एकाच शनिवारी सगळंच बदललं. सातशे डॉलर मोजून मोठा रेडिएटर. दोन्ही पंप नवे, कारण फ्लॅटहेडला प्रत्येक बाजूला एक असतो. दोन्ही थर्मोस्टॅट नवे. ब्लॉकमधून औषध घालून पाणी फिरवलं, ओंजळभर तांबडा गाळ निघाला. आजोबा चिडले. त्यांच्या मते तो गाळ जुन्या रेडिएटरमधून आला होता.

फरक पडला, पण अर्धवट. सिग्नलला उभी असताना काटा आता जागेवर राहायचा. हायवेला पन्नास-पंचावन्नच्या वेगाने दहा मिनिटं चालवली की पुन्हा चढत जायचा. 212 फॅरेनहाइटला पाणी उकळतं, काटा त्याच्या आसपास. कुठल्या बदलाने किती फरक पडला, हे सांगायला काहीच आधार उरला नव्हता. तो मोठा रेडिएटर खरंच लागत होता का, हे आता कधीच कळणार नाही.

मग नवीन तर्क सुरू झाले. गास्केट उलटी बसली. पंखा लहान पडतो. काटाच खोटं बोलतोय. या शेवटच्या तर्कात थोडा जीव होता, कारण डॅशबोर्डचा मूळ काटा सहा व्होल्टचा आणि वायरिंग बारा व्होल्टचं. नाशिकच्या मित्राने विजेशिवाय चालणारा वेगळा काटा आणून लावला. त्यानेही तेच सांगितलं.

मित्रांची मदत घेताना सगळ्यांत अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी हे महिने सांगेन. पगारी मिस्त्रीला म्हणता येतं की तुझं काम पुन्हा उघडून दाखव. ज्याने चार शनिवार फुकट घालवून इंजिन बांधलं, त्याला हेड उतरवायला सांगताना जीभ रेटत नाही. त्यामुळे आम्ही सगळे त्या भागांवर घसरत होतो जे विकत आणलेले होते. विकतच्या वस्तूला वाईट वाटत नाही.

सप्टेंबरात एका शनिवारी आजोबांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "आजपासून कुणी काही बदलायचं नाही. फक्त मोजायचं." पाण्याचं तापमान दोन्ही हेडजवळ वेगवेगळं मोजलं, सारखं. पेट्रोलचा दाब अडीच पीएसआय, स्ट्रॉम्बर्गला मानवतो तेवढाच. कॉम्प्रेशन आठही सिलिंडरला जवळजवळ एकसारखं. आजोबांचं इंजिन निर्दोष ठरलं आणि ते त्या दिवशी दुसऱ्यांदा जेवले.

राहता राहिलं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. ते आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं मंद चालू असताना, आम्ही पहिल्याच दिवशी बसवलं होतं, त्यामुळे ते झालेलं काम होतं. वहीत फुली होती.

संध्याकाळी शेडचा दिवा बंद केला. मी केबिनमध्ये, नाशिकचा मित्र पुढे ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट घेऊन. आयडलवर पुलीवरची खूण बरोबर जागेवर. मी ॲक्सिलरेटर दाबत गेलो, इंजिन दीड हजार, दोन हजार, अडीच हजार फेऱ्यांवर नेलं.

"अजून दाब," तो म्हणाला.

दाबलं.

"अरे, खूण हललीच नाही."

इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. पेट्रोल जळायला वेळ लागतो तेवढाच लागतो, पिस्टन मात्र जास्त वेगाने येत असतो. या इंजिनात ठिणगी वेग वाढेल तशी वीसएक अंशांनी पुढे सरकली पाहिजे. आमची एकही अंश सरकत नव्हती. म्हणजे हायवेवर ठिणगी फार उशिरा पडत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायच्या वेळीही मिश्रण जळतच असणार, आणि पिस्टन ढकलायची उष्णता धुराबरोबर बाहेर जात असणार.

दुसऱ्या इंजिनात हे एवढं अंगाशी आलं नसतं. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी असतात. जळका वायू ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या कप्प्यांच्या मधून वाट काढत बाहेर पडतो. मधल्या दोन सिलिंडरना तर मिळून एकच वाट, म्हणून चार सिलिंडरना तीनच एक्झॉस्ट तोंडं. धूर जास्त तापला की ती आच सरळ पाण्याला. रेडिएटर कितीही मोठा घाला, खाली चूल पेटलेलीच.

आणि गाडीला दम कमी होता, हेही आता आठवलं. पण आवाज इतका देखणा होता की तिकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

टोपी

ठिणगी का सरकत नव्हती? 1949 ते 1953 च्या फ्लॅटहेडवर फोर्डने लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्यूटर दिला. त्यात फिरत्या वजनांची यंत्रणाच नाही. बाकीच्या बहुतेक डिस्ट्रिब्यूटरमध्ये वेग वाढला की छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतं. यात ते सगळं काम एका डायफ्रामवर सोपवलेलं. त्याला लागणारा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, कार्बोरेटरमधून येतो, तोही ठरावीक ठिकाणचा, व्हेंचुरीचा (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्याचा) आणि थ्रॉटलजवळचा मिळून. त्यासाठी त्या इंजिनाच्या मूळ होली कार्बोरेटरमध्ये खास वाट कोरलेली असते.

स्ट्रॉम्बर्ग 97 हा 1936 ते 1938 च्या फोर्डवरचा कार्बोरेटर. त्या इंजिनांच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये वजनं होती, त्याला ही वाट लागतच नव्हती. म्हणून ती त्याच्यात नाही.

आता बघा. डिस्ट्रिब्यूटरवाल्याने आपलं काम हातपंपाने व्हॅक्यूम लावून तपासलं होतं, डायफ्राम ओढत होता, प्लेट फिरत होती. पास. त्याच्या स्वतःच्या 1951 च्या गाडीवर होलीच आहे, दुसरा कार्बोरेटर त्याने कधी लावला नाही. कार्बोरेटरवाल्याने चाळीस वर्षं स्ट्रॉम्बर्ग लावले, पण युद्धाआधीच्या इंजिनांवर, जिथे ठिणगी आपोआप सरकायची. दोघांचा अनुभव खरा आणि दांडगा, पण दोघांचाही बरोबर या एका जोडापाशी संपणारा.

तो जोड कुणी केला होता? मी. डिस्ट्रिब्यूटर बसवला त्या बुधवारी शेडमध्ये मी एकटाच होतो. व्हॅक्यूमची नळी लावायला गेलो तर कार्बोरेटरवर तिला जागा नव्हती. डिस्ट्रिब्यूटरचं तोंड उघडं राहिलं तर धूळ जाईल, म्हणून त्यावर रबराची एक टोपी चढवली. नीट बसली याचं समाधानही वाटलं. 'इथे जागा का नाही' एवढा एक प्रश्न शनिवारी कुणालाही विचारला असता, तर सातशे डॉलर आणि एक उन्हाळा वाचला असता. पण ती गोष्ट विचारण्याएवढी मोठी वाटलीच नाही. नळी, टोपी, पाच मिनिटांचं काम.

उपाय तीन होते. मूळ मॅनिफोल्ड आणि एक होली कार्बोरेटर परत लावायचा, हा सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते तांत्रिकदृष्ट्याही सगळ्यांत शहाणा. स्ट्रॉम्बर्गच्या बुडाला भोक पाडून व्हॅक्यूम घ्यायचा. त्याला आजोबांनी साफ नकार दिला, कारण तिथे अर्धाच सिग्नल मिळतो, वेग वाढला की नेमका तोच पडतो. तिसरा, वजनांचा डिस्ट्रिब्यूटर विकत घ्यायचा. मी तिसरा निवडला. कारण इंजिनियरिंगचं नव्हतं. ज्याने पैसे काढल्यावर रागावून हात मागे घेतला होता, त्याला ते दोन कार्बोरेटर काढून परत द्यायला मी तयार नव्हतो. चूक असेल तर असो.

ऑक्टोबरात तोच रस्ता, तीच दुपारची वेळ. उन्हाळा ओसरला होता, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, तरी हवा नव्वदच्या वर होती. अकरावा मैल गेला, विसावा गेला, काटा 185 वर. चढणीवर पहिल्यांदाच गाडीने पाठीला धक्का दिला. वेल्डर शेजारी बसला होता. तो एवढंच म्हणाला की अजूनही टप तीन इंच कापता येईल.

वहीत आता प्रत्येक दोन पानांच्या मधे एक कोरा कागद चिकटवलाय. पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या कागदावर काल पहिली नोंद झाली. मॉडेल एची टाकी विंडस्क्रीनच्या पुढे, गुडघ्यांच्या वर असते, आणि गाडी बंद असताना पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येत राहतं. नळीत बंद करायची चावी कुणी लावायची, हे अजून ठरलेलं नाही.

राहिला तो डिस्ट्रिब्यूटर. ज्याने तो दोन शनिवार खपून नवा केला होता, त्याला फोन करायला मी आठवडाभर टाळाटाळ केली. शेवटी तोच आला, बाकावरून तो उचलला, रबराची टोपी काढून खिशात टाकली आणि म्हणाला, माझ्या गाडीला स्पेअर हवाच होता. पुढच्या शनिवारी तो आपल्या 1951 च्या फोर्डमधून आला. बोनेट उघडून दाखवलं. होलीतून निघालेली बारीक नळी त्या डिस्ट्रिब्यूटरला जोडलेली होती. मी टायमिंग लाइट लावला, त्याने ॲक्सिलरेटर दाबला, आणि खूण अलगद वर सरकत गेली.